भासऱ्याच्या डोंग्यावर स्वारी

बाबा गेले आणि आमचा मासेमारीचा डोंगा आईकडं आला. पुसदजवळच्या धरणात तो चालवून तिनं आमची पोटं भरली. बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, त्याच डोंग्यावर जाळं ओढायचे. भावसुनेच्या हुकमात राहणं त्यांना काही पचेना. एका सकाळी दोन गड्यांना फितवून ते डोंगा घेऊन पसार! धरणाच्या मधोमध टेकडी आहे, तिथून मला फोन आला, "तुह्या मायले सांग, डोंगा आता माणसं चालवतीन. तिनं घरीच राहावं."

"बंड करून राह्यले काय!" आई म्हणाली. डोंगा गेला तर खायचं काय, हे मलाही कळत होतं. माझं तर डोकंच फिरलं.

दुसरा डोंगा कोणी देईना. भावकीच्या भांडणात कोण पडतो? शेवटी आईनं गुऱ्हाळावरून गूळ शिजवायची काहील मागून आणली. त्या लोखंडी कढईत बसून आम्ही मायलेकी फळीनं पाणी मारत निघालो. काहील हातभर पुढं जायची नि गरगर फिरायची. तशातही आईला हसू फुटलं, "चक्कर येऊन राह्यली व पोरी!"

डोंगा टेकडीला लागलेला, तिघंही आत. आम्हाला पाहून मोठेबाबा बांबू उगारून उभे राहिले. आईनं डोक्यावर पदर ओढला आणि सरळ डोंग्यात पाय टाकला.

आमच्यात भासऱ्यानं, म्हणजे थोरल्या दिरानं, भावसुनेला शिवायचं नाही, तिच्याशी बोलायचंही नाही. जन्माची सवय ती! आई पुढं सरकली तसे मोठेबाबा मागं, आणखी मागं, आणि धपकन पाण्यात. कंबरभर पाण्यात उभं राहून त्यांनी तोंड फिरवलं. पुढारीच उतरला म्हटल्यावर गडीही उतरले. मी चढून काहील मागं बांधली, आईनं वल्हं मारलं. डोंगा आमचा!

"राहू दे त्यायले तिथंच," मी ओरडले.

"येडी झाली काय? सकाळपासून उपाशी आहेत ते." आईनं डोंगा वळवला.

मोठेबाबा पार टोकाला, आईकडं पाठ करून बसले. वाटेत वारा सुटला, डोंगा कलंडायला लागला, आईनं वल्हं थांबवून काठ घट्ट धरला. आता हे उठून वल्हं हिसकावणार, असंच मला वाटलं. ते उठले नाहीत. पाठ तशीच ठेवून, आयुष्यात पहिल्यांदा, थेट आईशी बोलले.

"भिऊ नको व माय. चालव तू. डोंगा तुहाच हाय."