रोह्याचा कॉम्प्युटर आणि खाडीकडचं लग्न

नव्वदीच्या शेवटाकडची गोष्ट. पेणला आमचा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा धंदा होता. आमचे हे कॅमेरा खांद्यावर घेऊन मांडवभर फिरायचे, आणि त्यांनी आणलेल्या कॅसेटी मागच्या खोलीत मी जोडायची. धंद्यात याला मिक्सिंग म्हणत. दोन व्हीसीआर शेजारी शेजारी, एकात शूटिंगची कॅसेट, दुसऱ्यात कोरी. इकडे प्ले, तिकडे रेकॉर्ड, नको तिथे पॉज. मध्ये चूक झाली की तिथून पुढचं सगळं पुन्हा करायचं. आमटी गॅसवर ठेवून मी तिथे बसायची आणि विसरून जायची. करपलेली आमटी ह्यांनी किती वेळा निमूट खाल्ली असेल, देव जाणे.

मला ते काम मनापासून आवडायचं. लग्नघरच्या बायका बाजारात भेटल्या की "वहिनी, कॅसेट कधी देताय?" असं मला विचारायच्या, ह्यांना नाही.

मग रोह्याच्या एका ओळखीच्या स्टुडिओवाल्याने एडिटिंगसाठी कॉम्प्युटर आणला आणि ह्यांच्या डोक्यात तेच खूळ शिरलं. जेवताना कॉम्प्युटर, झोपताना कॉम्प्युटर. "व्हीसीआरचे दिवस संपले म्हणून समज," हे म्हणाले. "आता सगळं सॉफ्टवेअरवर. आपणही घेऊ. चालवायला एखादा शिकलेला माणूस ठेवू. तुला आराम."

आराम म्हटल्यावर माझं टाळकंच फिरलं. मागितला होता कुणी आराम? "मला नको तुमचा कॉम्प्युटर," मी म्हटलं, आणि भांडी जरा जोरातच घासली.

तरी बघायला गेलेच. राग आला म्हणून उत्सुकता थोडीच जाते? एसटीने गडब मागे टाकलं, नागोठणं आलं, तरी मी ह्यांच्याशी बोलले नाही. स्टुडिओवाल्याने पडद्यावर एका लग्नाचे तुकडे ओळीने मांडून दाखवले. एक तुकडा उचलला, मागे नेऊन ठेवला, नाही आवडला तर परत पहिल्या जागी. पुढचं काहीच बिघडलं नाही. मी बघतच राहिले. खोटं कशाला बोलू, मला ते हवंहवंसं वाटलं. आणि ते यंत्र घरात आलं की मागच्या खोलीतून मी बाहेर, हेही तिथेच कळलं. 

ठरलं असं, की आधी एका लग्नाचं शूटिंग एडिटिंगसाठी रोह्याला देऊन बघायचं, मग कॉम्प्युटर घ्यायचा की नाही ते ठरवायचं. लग्न निघालं खाडीकडचं, मिठागरावर राबणाऱ्या घरातलं. तिकडे धवलारीण असते. मानाची बाई. हळदीपासून ती धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाते, आणि ते गायल्याशिवाय लग्न लागलं असं कुणी मानत नाही. मिक्सिंग करताना मी इतर ठिकाणी खुशाल सनई भरायची, पण धवलारणीच्या आवाजाला कधी हात लावला नाही. रोह्याच्या माणसाला हे सांगायला हवं, असं आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही. श्वास घे म्हणून कुणी कुणाला सांगतं का?

तयार कॅसेट द्यायला आम्ही दोघं गेलो. अंगणात टीव्ही मांडलेला, आणि अगदी पुढे धवलारीण, ठेवणीतलं लुगडं नेसून. तिने स्वतःचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. कॅसेट लागली. चित्र लख्ख, नवरानवरीची नावं फुलांतून उमललेली, सगळे खूश. मग हळद आली. पडद्यावर म्हातारीचे ओठ हलत होते आणि ऐकू येत होतं सिनेमातलं गाणं.

तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग माझ्याकडे वळली. "माजा धवला कुठं गेला गो बाय?"

नवरीचा बाप हळूच म्हणाला, "मंग लगीन लागला कवा?"

कुणी चिडलं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. ह्यांचा चेहरा गोरामोरा झाला. नशिबाने मूळ कॅसेट पिशवीत होती, ती ह्यांनी लावली. भांड्यांची आदळआपट, पोरांची रडारड, आणि त्या सगळ्यावर म्हातारीचा भरडा आवाज. ती डोळे मिटून ऐकत होती. मग तीही सोबत गाऊ लागली, आणि पाठोपाठ अंगणातल्या बायका.

झालं, कॉम्प्युटर बारगळला, असं मी धरून चालले. खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. पण पडद्यावर मागेपुढे सरकणारे ते तुकडे काही डोळ्यांपुढून हलेनात.

पुढच्या आठवड्यात हे म्हणाले, "चल, रोह्याला जाऊ. कॉम्प्युटरची ऑर्डर देऊन टाकू." म्हणजे आता तो शिकलेला माणूस येणार, असं मनाशी म्हणत मी निघाले.

स्टुडिओवाला भला माणूस. आवाजात फार गोंगाट होता म्हणून काढून टाकला, असं पुन्हा पुन्हा सांगून त्याने माफी मागितली. मग म्हणाला, "शिकायला कोणाला पाठवताय? माणूस मिळाला का?"

ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही शिकेल."

तो जरा घुटमळला. "वहिनींना जमेल? सगळं इंग्रजीत आहे."

"इंग्रजी तुम्ही शिकवा," हे म्हणाले. "लग्न तिला येतं."

चारचौघांत बायकोचं कौतुक करायची आमच्याकडे रीत नाही, आणि ह्यांना तर घरातही सवय नव्हती. मला एकदम भरून आलं. मी पदर खोचला, खुर्ची पुढे ओढली आणि बसले.