तीन मोटारसायकली आणि मंगलचा हात

मंगल गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात मशीनवर होते. दुपारचे साडेबारा झाले असतील. तिच्या सुनेचा आवाज इतका सपाट होता, की मला वाटलं ब्लाउज झाले का म्हणून विचारतेय. "काकू, आई गेल्या," ती म्हणाली. मी म्हटलं, "कुठं गेली? अंबाजोगाईला?" पलीकडून हुंदका फुटला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मेथी निवडता निवडता बसल्या जागी हृदय बंद पडलं होतं. खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, राग आला. असा राग, की हातातली कात्री मी समोरच्या भिंतीवर फेकून मारली. प्लास्टरचा टवका उडाला. ही फेकाफेक मी तिच्याकडूनच शिकले.

मंगलचा हात चटकन उठायचा. परळीत आमच्या गल्लीत हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक. सिरसाळ्याच्या एसटीत एका बाप्यानं मुद्दाम खांदा घासला, तर तिनं स्टीलचा डबा त्याच्या टाळक्यात घातला, आणि वरणानं माखलेल्या त्या माणसाला म्हणाली, "आता घरी जाऊन सांग, कोन वाढलं मनून." गाडीतल्या बायका हसून हसून बेजार. वाचायचीही ती अशीच. पुस्तक आवडलं नाही की भिरकावून द्यायची, आवडलं की मांडीवर थाप मारायची... स्वतःच्या नाही, शेजारी बसलेलीच्या. तिच्या शेजारी बहुतेक वेळा मीच असायची.

आम्हा नऊजणींची एक भिशी होती. ती भांडणात मोडली. पण महिन्यातून एकदा दुपारी जमून बसायची चटक लागली होती, ती कुठं मोडते? मंगल म्हणाली, "आता पुस्तकाची लावू." झालं! दर महिन्याला एक पुस्तक नऊ घरांतून फिरवायचं आणि मग माझ्या दुकानामागच्या खोलीत बसायचं. प्रत्येकीनं आपला अभिप्राय चिठ्ठीवर लिहायचा, खाली नाव टाकायचं नाही. चिठ्ठ्या भिशीच्याच डब्यात जायच्या आणि एकेक काढून मोठ्यानं वाचली जायची. नियम मंगलनं घातला होता. "पुस्तक चांगलं हाय, भाषा लई गोड हाय, असलं लिहायचं न्हाई. त्या बाईच्या जागी मी असते तर काय केलं असतं, ते लिहायचं." वाचून झालं की सगळ्या चिठ्ठ्या माझ्या कोळशाच्या इस्त्रीत जाळायच्या, हा दुसरा नियम. निम्म्याजणींच्या डोक्यावर सासू, उरलेल्यांच्या डोक्यावर नवरा. कागद मागं राहायला नको होता. जाळायचं काम माझ्याकडे.

त्या महिन्यातली कादंबरी मंगलनंच अंबाजोगाईहून आणली होती. तिचं नाव आम्ही कुणी कधी घेतलं नाही. मुखपृष्ठावर एक हसरी पोरगी आणि तिच्या मागं तीन मोटारसायकली उभ्या, म्हणून आमच्यात ती 'तीन मोटारसायकलीवाली'. चौतिशीची पोरगी, तिचा एक जुना प्रियकर, एक घरच्यांनी ठरवलेला, आणि तिसरा शेजारच्या खोलीत राहायला आलेला. तिघांना एकमेकांचा पत्ता नाही. तिच्या वाढदिवसाला तिघंही केक घेऊन एकाच जिन्यात भेटतात आणि मग जो काही राडा होतो... मी तो भाग वाचताना एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली होती.

त्या दुपारच्या चिठ्ठ्या मला अजून पाठ आहेत. एकीनं लिहिलं होतं, 'मी असते तर तिघांना एका खोलीत कोंडलं असतं आणि जो जिवंत निघेल त्याच्याशी लग्न केलं असतं.' दुसरीनं लिहिलं, 'मी असते तर तिन्ही केक ठेवून घेतले असते आणि दार लावलं असतं.' आम्ही लोळत होतो. मग एक चिठ्ठी निघाली: 'मी त्या पोरीची आई असते तर कानाखाली दोन ठेवून दिल्या असत्या. निर्लज्ज कुठली.' शोभा म्हणाली, "माझी हाय. कावून, खोटं हाय का?"

शोभा आमच्यातली सगळ्यात धाकटी. तोंडानं फटकळ, पण पुस्तक हातात पडलं की स्वयंपाक करपवणारी. मंगलचं पित्त खवळलं. "निर्लज्ज काय केलं तिनं? तीन मानसं बघितली तर निर्लज्ज? आन् बाप्यानं बघितल्या तर?" शोभाही मागं हटेना. शब्दाला शब्द वाढला. मंगलनं हातातली कादंबरी जी भिरकावली, ती शोभाच्या कानावरून जाऊन माझ्या काचेच्या कपाटावर आदळली. काच खळ्ळकन फुटली. शोभा उठली, चप्पल घालता घालता म्हणाली, "असलं वाचतीस व्हय दुपारची? थांब, सांगते दाजीला, तुमची बायको काय वाचती ते!" रागातलं बोलणं होतं. पण ते आठजणींनी ऐकलं.

शेवटची चिठ्ठी त्या गोंधळात मीच डब्यातून काढली आणि मोठ्यानं वाचलीच नाही. अक्षर मंगलचं होतं. 'मी असते तर त्या तिसऱ्याबरोबर त्याच दिवशी निघून गेले असते. तो तिला जेवलीस का विचारतो. बावीस वर्षांत मला घरात कुणी विचारलं नाही.' मी ती दोनदा वाचली. बाकीच्या आठ चिठ्ठ्या इस्त्रीत घातल्या. ही मला जाळवेना. पुन्हा वाचू म्हणून मी ती कादंबरीच्या पानांत ठेवली, आणि काचा गोळा करण्याच्या नादात विसरले.

आमच्याकडे औष्णिक केंद्राची राख सगळ्यावर बसते, म्हणून शिवलेला कपडा मी वर्तमानपत्रात गुंडाळूनच देते. दुसऱ्या दिवशी मंगलचा नवरा तिचे ब्लाउज न्यायला स्कूटरवर आला. मी ब्लाउज आणि ती कादंबरी एकाच कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिली. त्याचं लोखंड-सिमेंटचं दुकान आहे. माणूस चारचौघांत देवमाणूस, शब्दानं कुणाला दुखवायचा नाही. घरात मात्र हात उचलायचा. आम्हाला ते माहीत होतं. मंगल बाहेर ज्याला त्याला हाणायची आणि घरात मार खायची, आणि तिला त्यावर बोललेलं चालायचं नाही.

चार दिवसांनी ती दुकानात आली तेव्हा उजव्या मनगटाला प्लास्टर होतं. ती हसत हसत सांगायला लागली. तिचं ते हसणंच मला सहन होईना. "जेवायला बसलाय बघ, आन् खिशातनं माझी चिठ्ठी काढली. मनतोय, 'तिसरा कोन?' मी मनलं, आवो, पुस्तकातला हाय. तर मनतोय, 'मंग पहिले दोन कोन?'" मग तो उठला होता आणि त्यानं दुकानातला पाइपाचा तुकडा आणला होता. पाठीवर, मांड्यांवर, आडव्या घातलेल्या हातावर. ताटातली भाजी भिंतीवर, पोरं गॅलरीत. मनगट मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला, म्हणाली. तेव्हा तिनं डाव्या हातानं खलातला बत्ता उचलला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा उलटा हाणला. त्याच्या कपाळाला सहा टाके पडले. गावानं त्याच्या कपाळाची चौकशी केली. तिच्या मनगटाबद्दल कुणी विचारलं नाही, ओट्यावरून पडली असं सगळ्यांनी आपापलं ठरवून टाकलं.

"पर चिठ्ठी त्याच्याकडं आली कशी?" ती म्हणाली. "तू तर जाळल्या ना? मी इचारलं, तर छाती फुगवून मनतोय, माझी मानसं हायत, मला सगळं कळतं." तो बढाई मारत होता. कागद सोडताना चिठ्ठी खाली पडली, एवढं साधं सांगायला त्याला कमीपणा वाटला असणार. त्याच क्षणी मला पान आठवलं, गुंडाळलेला कागद आठवला, माझे दोन्ही हात आठवले. मी मशीनच्या सुईकडे बघत राहिले. मंगल म्हणाली, "शोभानंच डब्यातनं उचलली. तीच मनली होती, सांगते मनून. व्हय ना?"

मी म्हटलं, "हं."

एवढंच. एक हं! तिच्या हाताला घाबरले असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. साफ खोटं. ती उद्यापासून माझ्या दुकानात यायची नाही, याला मी घाबरले. माझ्याकडे दुसरं कोण येत होतं?

त्याच संध्याकाळी भाजी बाजारात तिनं शोभाला गाठलं. मी सोबत होते, तिची पिशवी मीच धरली होती. तिनं डाव्या हातानं अशी सणसणीत ठेवून दिली, की शोभा कोथिंबिरीच्या ढिगावर जाऊन पडली. मग केस धरून तिला उठवलं आणि पुन्हा हाणली. ओठ फाटला, रक्त आलं, मंगळसूत्र तुटून काळे मणी चिखलात गेले. "माझं घर मोडायला निघालीस? चुगलखोर!" माणसं गोल करून बघत होती. शोभा पोराची शपथ घेत होती. मग तिनं मला पाहिलं. "विमल, तू तरी सांग की गं हिला! मी न्हाई केलं!" तिचे दात लाल झाले होते. मी पुढं झाले, मंगलचा दंड धरला आणि म्हणाले, "जाऊ दे मंगल, चल." बाजाराला तेवढं पुरलं. मंगलची सगळ्यात जवळची मैत्रीणसुद्धा शोभाची बाजू घेत नाही म्हटल्यावर आणखी काय हवं होतं?

त्या दिवशी शोभाला घरीही मार पडला. काही केल्याशिवाय बाजारात कोण मारतं, असं तिच्या नवऱ्याचं म्हणणं. सासूनं तिची पुस्तकं चुलीत घातली. पुढं ते कुटुंब सिरसाळ्याला गेलं. आमची पुस्तकांची भिशीही मोडली, कारण चिठ्ठी लिहायला कुणी धजेना.

मंगल येत राहिली. तिच्या नवऱ्यानं पुन्हा हात उचलला नाही. "बत्त्याचा गुण," ती म्हणायची. त्यानं जेवलीस का, असंही कधी विचारलं नाही. ती रोज दुपारी माझ्या मागच्या खोलीत वाचत बसायची, माझ्या मांडीवर थापा मारायची, पुस्तकं भिरकावायची, आणि मधूनच पुस्तक उलटं ठेवून म्हणायची, "त्या शोभीनं असं कावून केलं असंल गं? मी तिचं काय वाईट केलतं?" प्रत्येक वेळी माझं तोंड उघडायचं... आणि प्रत्येक वेळी मी मशीनचं पायडल जोरात मारायची. अकरा वर्षं मी मूग गिळून बसले. माझी लाज वाटते मला.

मंगलच्या मातीला शोभा आली होती. लांब, पाण्याच्या टाकीपाशी पदर घेऊन उभी. मंगलचा नवरा कपाळावरच्या त्या खुणेवर भस्म लावून बसला होता. लोक शोभाकडे बोट दाखवून कुजबुजत होते, तीच ती. म्हणजे अजूनही तीच ती! मेलेल्या बाईच्या दारातसुद्धा! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, आणि ती आग लावणारी मीच होते.

पंधरा दिवसांनी मी सिरसाळ्याला गेले. शोभानं दार उघडलं, पाणी दिलं. मी पाणी प्यायले नाही, उभ्यानंच सगळं सांगितलं. चिठ्ठी, पान, कागद, हं. बोलून झालं तशी ती पुढं आली आणि तिनं माझ्या थोबाडीत मारली. एक, दोन, तीन. मी हात वर केला नाही. चौथीला तीच खाली बसली आणि ओरडून रडायला लागली. मी तिच्यापाशी बसले, तशी माझे केस धरून हलवत म्हणाली, "मला सांगून काय उपेग, मला तर माहीतच व्हतं मी केलं न्हाई! मंगलला कोन सांगनार आता? ती मला चुगलखोर समजून गेली ना गं! तिला कोन सांगनार?"

मी म्हटलं, मी लिहीन. पेपरात देईन, माझ्या नावासकट. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तिचं लई कौतुक लिवशील. लिव. पर माझं एक वाक्य घाल, आन् त्यातला एक शब्द बदलायचा न्हाई." मी कागद काढला. तिनं सांगितलं तसं उतरून घेतलं आणि तिला वाचून दाखवलं. तिनं मान हलवली.

ते वाक्य असं आहे:

मंगल, तू चुकीच्या बाईला मारलंस, आन् विमलला त्याच दिवशी माहीत व्हतं.