खरवडलेले आकडे

सभागृहात मास्तर कुणालाच आवडत नसत, आणि हे मास्तरांना चांगलं ठाऊक होतं. त्याचं त्यांना सुखच वाटायचं. आवडतं माणूस उद्या नावडतं होतं, पण ज्याच्यावाचून अडतं त्याला कुणी हात लावत नाही, असं त्यांचं सरळ गणित होतं. ते गणित अडतीस वर्षं चुकलं नाही, म्हणून तर त्यांचा माज उतरला नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. शाळेतला मास्तर निदान काही शिकवतो. हे सार्वजनिक सभागृहातले साउंडमास्तर. माइक, स्पीकरच्या पेट्या, वायरींची भेंडोळी हे त्यांचं राज्य, आणि या राज्याचं सिंहासन म्हणजे रंगमंचाच्या कडेला पडद्याआड टेबलावर बसवलेला व्हॉल्वचा अँप्लिफायर. उचलायला दोन माणसं लागायची. वरती काचेचे चार मोठे व्हॉल्व, सुरू केल्यावर मिनिटभराने नारिंगी उजळणारे. आवाज असा मऊ आणि भरदार, की त्यातून बोलणारा लबाड माणूससुद्धा ऐकणाऱ्याला घरचा वाटायचा.

या यंत्राच्या पाठीवर चार पितळी स्क्रू होते. पहिला सगळ्यांसाठी सामायिक. पुढच्या तिघांवर आकडे होते, चार, आठ, सोळा. हे ओहमचे आकडे, म्हणजे स्पीकर यंत्राला किती अडवतो त्याचं माप. स्पीकरचं माप आणि स्क्रूचा आकडा जुळला की यंत्र सुखात. नाही जुळला तर कधी आवाज मरतो, कधी व्हॉल्व नको इतके तापतात. सभागृहात सोळा ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडलेल्या होत्या. अशा जोडल्या की माप निम्मं होतं, म्हणून वायर आठाला. गर्दी झाली की व्हरांड्यात तसल्याच आणखी दोन लावायच्या. चार पेट्या झाल्या की माप उरलं चार, म्हणून वायर चाराला. झालं. एवढी सगळी विद्या. पोस्टकार्डावर लिहिली तर पत्त्याला जागा उरेल.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मास्तर तापाने आठवडाभर घरी पडले. त्या आठवड्यात सभागृहाच्या शिपायाने यंत्राच्या पाठीवरचे आकडे वाचून वायर लावली आणि दोन कार्यक्रम बिनबोभाट पार पाडले. मास्तर परत आले तेव्हा कुणी "बरं झालं आलात" सुद्धा म्हणालं नाही. तापात तापले नसतील एवढे ते तेव्हा तापले. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातली भाजी चिरायची सुरी पिशवीत घालून नेली आणि तिन्ही आकडे पत्रा चमकेपर्यंत खरवडून काढले. संध्याकाळी घरी आले ते हसतच. बायकोला सगळं रंगवून सांगितलं, आणि सुरीची धार गेली म्हणून वर तिलाच बोलले.

पुढे त्यांच्या हाताखाली त्यांचा मेव्हणाच लागला. बायकोचा धाकटा भाऊ. कामाला वाघ, बोलायला गाय. मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव ठोंब्या ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की पुढे व्यवस्थापकांनी रजेच्या कागदावरही तेच लिहिलं. पाहुणे आले की मास्तर त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "हा माझा मेव्हणा. बायको घेतली त्यावर हा फुकट मिळाला. फुकटच्या मालाला वॉरंटी नसते." पाहुणे हसायचे. ठोंब्याही हसायचा, कारण हसला नाही तर मास्तर तोच विनोद पुन्हा सांगायचे.

त्याने पहिल्या वर्षी एकदा विचारलं होतं, "भाऊजी, ही वायर कधी ह्या स्क्रूला असते, कधी त्या स्क्रूला. असं का?"

"तुला कळायचं नाही."

"सांगून तर बघा."

"भिंतीला सांगून बघितलं, तिला कळलं. तुझी आशा नाही."

तेव्हापासून बाहेरच्या पेट्या जोडायची वेळ आली की मास्तर त्याला व्हरांड्यात पिटाळायचे. "जा, तिकडे आवाज पोचतो का बघ." तो पाठमोरा झाला की वायर आठावरून चारावर, आणि यंत्राच्या पाठीवर फडकं. कार्यक्रम संपला की पुन्हा पिटाळायचे, पुन्हा आठावर. बावीस वर्षं हा माणूस व्हरांड्यात उभा राहून आवाज पोचतो का ते बघत होता. बायकोने एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता विषय काढला.

"सांगा ना हो त्याला. माझा भाऊ आहे."

"म्हणूनच सांगत नाही. तुमच्या घरात एकाला अक्कल आली तर बाकीच्यांना कमी पडेल."

तिने घडी पूर्ण केली आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. मास्तरांना वाटलं, जिंकलो.

निवृत्तीचं वर्ष उजाडलं तसा मास्तरांना एकच प्रश्न पडायला लागला. उद्यापासून आपण कोण? शेजारचे म्हातारे बाकावर बसून ज्याच्यात्याच्या गुडघ्यांची चौकशी करायचे, त्यांतलेच एक? ते व्यवस्थापकांकडे गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा हात जोडून काही मागितलं. अँप्लिफायर मला द्या. व्यवस्थापकांच्या खोलीत नवीन यंत्र खोक्यासकट येऊन पडलंच होतं. ते म्हणाले, "न्या की. सत्काराच्या दिवशी तोच भेट म्हणून देऊ." मास्तरांनी घरी बाहेरच्या खोलीत टेबल रिकामं केलं, वेगळा प्लग बसवून घेतला, दोन जुन्या पेट्याही आणून ठेवल्या. यंत्र घरी आलं की लोक ऐकायला येणार, मास्तर मास्तर करणार. नाही आलं तर बाक होताच.

सत्कार दुपारी चारला ठेवला होता. सभागृह खचाखच भरलं, आणि मास्तरांचा ऊर भरून आला. खरं असं होतं, की सत्कारानंतर त्याच जागी विनोदी कार्यक्रम होता, प्रवेश मोफत, आणि लोक जागा धरायला आधीच येऊन बसले होते. हे मास्तरांना सांगायची कुणाला काय पडली होती?

व्यवस्थापकांनी ठोंब्याला फर्मावलं, व्हरांड्यातही पेट्या लावा. ठोंब्या धावत मास्तरांकडे आला. मास्तर आरशासमोर कोटाचं बटण लावत होते.

"भाऊजी, बाहेरच्या पेट्या..."

"आज मला काही विचारायचं नाही."

"पण वायर कुठल्या..."

"बावीस वर्षं विचारतोयस! आज तरी माझा जीव सोड."

ठोंब्या गेला. बिचाऱ्याने यंत्राची पाठ पाहिली, तिथे चकचकीत खरवडलेला पत्रा होता. आधीची वायर ज्या स्क्रूला दिसली, त्यालाच त्याने बाहेरच्या पेट्यांची वायर पिळून लावली. म्हणजे आठाला.

मास्तर रंगमंचावर खुर्चीत बसले. समोर पहिल्या रांगेत बायको. व्यवस्थापकांनी माइक धरून सुरुवात केली. तिसऱ्या वाक्याला मास्तरांचे कान टवकारले. आवाज कडेने फाटत होता. दहाव्या वाक्याला त्यांनी मान वळवून पडद्याआड पाहिलं. व्हॉल्वच्या पोटातला काळा पत्रा लाल व्हायला लागला होता, आणि तो लाल झाला म्हणजे व्हॉल्व मरणपंथाला लागला. मास्तरांना क्षणात सगळा उलगडा झाला. चार पेट्या, वायर आठाला.

ते उठले. व्यवस्थापकांनी प्रेमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. "बसा, बसा! आज मास्तरांनी काही करायचं नाही. आज त्यांनी फक्त ऐकायचं." टाळ्या पडल्या. मास्तर पुन्हा उठले, पुन्हा बसवले गेले. "बघा, किती विनय आहे माणसात!" पुन्हा टाळ्या. अडतीस वर्षांत मास्तरांवर विनयाचा आरोप पहिल्यांदाच झाला होता.

भाषण काही संपेना. व्यवस्थापक म्हणत होते की मास्तरांनी सहकाऱ्यांना मुलांसारखं जपलं, हातचं न राखता शिकवलं. मास्तरांचं लक्ष शब्दांकडे नव्हतं. दोन व्हॉल्व पुरते लाल झाले होते, आणि गरम वार्निशचा वास त्यांच्या नाकापर्यंत आला होता. पडद्याआड ठोंब्या हाताची घडी घालून उभा होता. भाषण ऐकत होता.

त्या वेळी एकच गोष्ट करायची होती. "यंत्र बंद कर" म्हणायचं. पण बंद केलं तर आवाज तुटणार, तोही स्वतःच्या सत्कारात, आणि आपल्या हयातीत इथे आवाज तुटला नाही ही तर मास्तरांची टिमकी. तेवढ्यासाठी त्यांनी बंद कर म्हटलं नाही. खुर्चीतूनच दबक्या आवाजात, दात खात म्हणाले, "वायर काढ! ठोंब्या, वायर काढ!"

त्यांच्या मनात बाहेरची वायर होती. ठोंब्याला एकाच स्क्रूला पिळलेल्या दोन वायरी दिसल्या, भाऊजींचे वटारलेले डोळे दिसले, आणि घाबरून त्याने दोन्ही खेचून काढल्या.

व्हॉल्वच्या यंत्राला चालू असताना पेटीशिवाय ठेवायचं नसतं. आवाजाची ताकद बाहेर जायला वाट उरत नाही, ती आतल्या आत ट्रान्सफॉर्मरवर उलटते. हे मास्तरांना पहिल्या वर्षापासून माहीत होतं. ठोंब्याला माहीत नव्हतं, कारण कळायचं नाही असं ठरलेलं होतं.

सभागृहात एकदम शांतता झाली. व्यवस्थापकांना वाटलं माइक गेला, म्हणून ते सगळा दम लावून त्यात ओरडले, "हॅलो! हॅलो!" दुसऱ्या हॅलोला पडद्याआड चाबूक ओढल्यासारखा आवाज झाला, निळी ठिणगी उडाली आणि यंत्राच्या पाठीतून धूर निघाला. ट्रान्सफॉर्मर जळला होता. तसला ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारा शेवटचा कारागीर मरून पाच वर्षं झाली होती.

"नवीन आणा रे तो," व्यवस्थापक म्हणाले. खोकं फोडलं. नव्या यंत्रावर सगळं छापलेलं होतं. ठोंब्याने बोट ठेवून वाचलं, बाहेरच्या पेट्या बाजूला ठेवून आतल्या दोन जोडल्या, आणि सहा मिनिटांत आवाज सुरू झाला. स्वच्छ आला. एकाही माणसाने फरक पडल्याचं म्हटलं नाही.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी व्यवस्थापकांच्या हातून माइक ओढला. "ह्या ठोंब्याने जाळला! बावीस वर्षं शिकवलं ह्याला, बावीस वर्षं! दगड शिकला असता!"

ठोंब्या पुढे आला. कपाळावर घाम होता. "साहेब, कुठल्या स्क्रूला लावायचं ते कळेना. मागे आकडेच नाहीत."

"आकडे का नाहीत?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"झिजले असतील," मास्तर म्हणाले. माइक अजून तोंडाशीच होता, त्यामुळे ही थाप शेवटच्या रांगेपर्यंत छान पोचली.

पहिल्या रांगेत बायको उभी राहिली. आवाज चढवायची तिला सवय नव्हती, पण त्या दिवशी तिला माइक लागला नाही.

"झिजले नाहीत. ह्यांनी खरवडले. माझ्या भाजीच्या सुरीनं. दुसऱ्या कुणाला जमू नये म्हणून. घरी येऊन मला हसत हसत सांगितलं, आणि सुरीची धार गेली म्हणून मलाच बोलले."

मग मागच्या रांगांना वाटलं विनोदी कार्यक्रम सुरू झाला. तिथून जो हशा उठला तो पुढे सरकत रंगमंचापर्यंत आला, आणि त्यात व्यवस्थापकही सामील झाले. सुरीवाल्या बाईंसाठी कुणीतरी शिट्टी मारली. मास्तर माइक धरून उभे होते. त्यांनी दोनदा काही बोलायचा प्रयत्न केला, आणि प्रत्येक वेळी लोक अधिकच हसले.

व्यवस्थापक मात्र शब्दाला जागले. डोळे पुसत त्यांनी जाहीर केलं की ठरल्याप्रमाणे अँप्लिफायर मास्तरांना भेट देण्यात येत आहे. दोघांनी तो उचलून आणला. अजून वास येत होता. वर लाल फीत बांधलेली होती, ती सकाळीच बांधून ठेवली होती. फोटो काढला गेला.

तो घरी टेबलावर आला. ऐकायला कुणी येण्याचा प्रश्नच नव्हता. दोन दिवस मास्तर त्याच्यासमोर बसून राहिले, आणि त्या दोन दिवसांत त्यांना एक नवीनच गोष्ट सुचली. शिकवावं. यंत्र गेलं, पण विद्या आहेच की आपल्यापाशी. ठोंब्या आता तिथे एकटा, अडणारच. पाय धरत येईल. थोडं ताटकळत ठेवू, मग सांगू. नुसत्या विचाराने त्यांना दोन घास जास्त गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठोंब्या खरंच दारात उभा राहिला.

"ये," मास्तर म्हणाले. ताटकळत ठेवायचं ते विसरूनच गेले. खुर्ची त्यांनी स्वतः पुढे ओढली. "बस. सांगतो तुला."

"काय?"

"चार, आठ, सोळा. कुठली वायर कुठे आणि का."

"ते होय!" ठोंब्या म्हणाला. "ते समजलं. काल नवीन यंत्राचा माणूस आला होता, त्यानं सांगितलं. चहा पिता पिता. दहा मिनिटं लागली असतील. सोळाच्या दोन पेट्या समांतर म्हणजे आठ, चार लावल्या तर चार. पेट्यांचं जे माप, तो स्क्रू. आणि व्हॉल्वच्या यंत्राची वायर चालू असताना काढायची नाही. तो विचारत होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का? मी नाही म्हटलं." त्याने हात पुढे केला. "मी सभागृहाची किल्ली न्यायला आलोय. तुमच्याकडे एक राहिलीय."

मास्तरांनी खिशातून किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. ठोंब्या जायला वळला आणि थांबला. काहीतरी मनात घोळत होतं. टोमणा मारायचा त्याचा स्वभाव नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"भाऊजी, एवढंच होतं का हो ते? की अजून काही आहे?"

मास्तर शोधायला लागले. अडतीस वर्षांत या दहा मिनिटांपलीकडचं काहीतरी असेलच, एखादी खुबी, एखादी युक्ती, त्या माणसाला ठाऊक नसलेली. त्यांनी डोकं खाजवलं, जळलेल्या यंत्राकडे पाहिलं, ओठ हलवले.

"एवढंच होतं रे," आतून ठोंब्याच्या बहिणीचा आवाज आला. "चहा टाकलाय. घेऊन जा."