दुर्बीण फिरवली तरच दिसते

मी पक्षी बघणाऱ्यांच्या या ग्रुपवर ‘कोणती दुर्बीण घेऊ’ याची उत्तरं देणारी बाई. भुताखेतांचं लिहिणारी नव्हे. आमच्या सोसायटीत लिफ्ट मध्येच अडकली की बायका देवाचं नाव घेतात, मी वॉचमनला फोन लावते. त्यामुळे हसायचं तर खुशाल हसा, पण आधी पूर्ण वाचा.

नवीन घेणाऱ्यांना मी नेहमी सांगते — दुकानात दुर्बीण स्थिर धरून खूश होऊ नका, आडवी फिरवून बघा. काही दुर्बिणींत फिरवताना दृश्य मधोमध फुगतं. मोठ्या चेंडूवर चित्र चिकटवलंय आणि कुणीतरी तो चेंडू फिरवतंय, असं वाटतं. काहींना गरगरतं, काहींना जाणवतही नाही. हा बिघाड नाही, भिंगांच्या रचनेमुळे होतं. माझ्या आठ बाय बेचाळीसच्या दुर्बिणीत हे चांगलंच जाणवतं. मला सवय झाली होती.

आम्ही मोशीला राहतो, सातव्या मजल्यावर. गॅलरी इंद्रायणीकडे. मिस्टर चाकणला एका कंपनीत, शिफ्ट फिरती. मी तळवड्यात एका छोट्या युनिटमध्ये अकाउंट्स बघते. मी घरी यावं तर ते झोपलेले, नाहीतर निघालेले. आणि हो, आधीच सांगून टाकते — मी जळकी आहे. त्यांच्या लाइनवरच्या एका मुलीनं एकदा त्यांना डब्यातली चटणी दिली, तर मी कितीतरी दिवस धड बोलले नव्हते. चटणी छान होती म्हणे!

तर... थंडीतली सकाळ. मिस्टर फर्स्ट शिफ्टला गेलेले, मला सुट्टी. पूल ओलांडून पलीकडच्या काठाला गेले, स्कूटी लावली. पाण्यात लांब पायांचे शेकाटे पक्षी होते, ते बघितले. मग उगाच चाळा म्हणून दुर्बीण वर उचलली आणि आमच्या बिल्डिंगवरून आडवी फिरवली. नेहमीसारखं सगळं फुगलं, घसरलं... आणि आमच्या गॅलरीत मिस्टर दिसले. बनियनवर. शेजारी एक बाई. उंच, लांब वेणी. ती त्यांना पेरूची फोड भरवत होती आणि ते हसत होते.

मी थांबले. गॅलरी रिकामी. दोरीवर त्यांचा युनिफॉर्म, माझी ओढणी. बस.

परत फिरवली. परत दोघं! थांबले की कुणी नाही.

माणसाला अशा वेळी भीती वाटायला हवी ना? मला संताप आला. अंगाची नुसती आग झाली. स्कूटी अशी पळवली की विचारू नका. दाराला कुलूप, मीच लावलेलं. तरी पलंगाखाली वाकून बघितलं. बाथरूम बघितलं. मग थेट व्हिडिओ कॉल.

“अगं काय झालं? नाष्टा करतोय,” मिस्टर म्हणाले. मागे कॅन्टीन, अंगात कंपनीचा शर्ट.

“एकटेच?”

“एकटा कसा? अख्खी शिफ्ट आहे. दाखवू?”

“दाखवा.”

त्यांनी खरंच फोन गोल फिरवून दाखवला. मागून कुणीतरी “वहिनी, या नाष्ट्याला” म्हणून ओरडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुर्बीण दुकानात तपासून घेतली. दुकानदार म्हणाला, एकदम ओके आहे. शेजारच्या बिल्डिंगांवरून फिरवून बघितलं, सगळं फुगतं पण जादा कुणी दिसत नाही. मैत्रिणीची दुर्बीण आणली, तिच्यात काहीच नाही. पण माझ्या दुर्बिणीतून आमच्या गॅलरीवरून गेलं, की ती दोघं आहेतच. एकदा ती त्यांच्या डोक्याला तेल लावत होती. तेल लावायला हे माझ्यासमोर कधी बसलेत? जी बाई नाहीच, तिच्यावर मी जळत होते. कळत होतं, तरी जळत होते.

शेवटी एका रविवारी त्यांनाच घेऊन गेले.

“पक्षी खाली पाण्यात, आणि तू मला आपलंच घर बघायला लावतेस?” ते कुरकुरले. पण दुर्बीण घेतली.

“थांबू नका कुठं. फिरवत न्या.”

त्यांनी फिरवली. मग उलटी आणली. मग परत. तोंडावरचं हसू गेलं. मला आतून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू! म्हटलं, आता कसे सापडलात.

“दिसली ना? कोण आहे ती?”

त्यांनी दुर्बीण खाली घेतली. माझ्याकडे नीट बघितलं.

“ती तूच आहेस,” ते हळू आवाजात म्हणाले. “तो कोण आहे?”

मी म्हटलं, कसला तो? चष्मा लावलेला, ते म्हणाले, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी होतीस. मी दुर्बीण हिसकावून घेतली, फिरवली. मला मिस्टर आणि ती वेणीवालीच! मी शपथ घेतली, त्यांनीही घेतली.

आता दुर्बीण माळ्यावर आहे. पण शिफ्टमधून त्यांचा व्हिडिओ कॉल येतो, “जरा गॅलरी दाखव.” मी दाखवते. मग मी म्हणते, आता कॅन्टीन दाखवा.

भिंगांचं मला कळतं तेवढं मी वर लिहिलंय. त्यात हे कुठेच बसत नाही. चष्मेवाला कोण, मला माहीत नाही. वेणीवाली कोण, त्यांना माहीत नाही म्हणतात. दोघंही खरं बोलत असू, तर मग जास्तच अवघड आहे.

काल दोघांना एकदम सुट्टी होती, असं क्वचित होतं. मी चहा घेऊन गॅलरीत गेले, म्हटलं, “अहो, या ना.” ते आले, शेजारी उभे राहिले. खरं तर किती बरं वाटायला हवं होतं! पण कपाला तोंड लावायच्या आधी त्यांनी नदीपलीकडच्या काठाकडे बघितलं. मीही तिकडेच बघत होते. तिथं कुणीतरी उभं होतं. हातात काही होतं का, ते इतक्या लांबून साध्या डोळ्यांना कळत नाही.