सदफच्या सात वह्या

सदफ रडली असती, भांडली असती, समोरचं ताट भिरकावून दिलं असतं, तरी तिच्या अम्मीला, हुस्नाला, चाललं असतं. पण पोर चार दिवस पलंगाच्या कडेला बसून भिंतीकडं बघत होती आणि दहावीची परीक्षा आठ दिवसांवर आली होती. हिचं पुढं काय होणार, हेच हुस्नाच्या डोक्यात घोळत होतं.

सदफला लहानपणापासून जे कळायचं ते हातातून. उचगावात तिच्या अब्बाचं, मोहसीनचं, पाट्या रंगवायचं दुकान. तिथल्या उरलेल्या रंगात ती बोटं बुडवून बसायची. पाढे काही पाठ होईनात. नातेवाईक तोंडावर मठ्ठ म्हणायचे. आठवीत तिला पूर्णिमा मॅडम भेटल्या. त्या फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगत नसत. म्हणत, "आधी ऐका. मग कळलेलं एका पानात काढा. बाण, चौकटी, चित्र आणि चारच शब्द." सदफला जणू वाचा फुटली. भूगोलातले भारत आणि ब्राझील म्हणजे तिनं शेजारी शेजारी वाढलेली दोन ताटं. मूलद्रव्यांचा तक्ता म्हणजे तिची गल्ली, आणि शेवटच्या उभ्या रांगेतल्या घरांची दारं बंद, कारण निष्क्रिय वायू कुणात मिसळत नाहीत. नववीत पोरीला ब्याऐंशी टक्के पडले.

तरी हुस्नाचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती स्वतः बी. ए. झाली होती ती प्रश्नोत्तरं घोकून. फ्लेक्स आल्यापासून नवऱ्याच्या दुकानात माशा घोंगावत होत्या; चित्रांनी पोट भरत नाही, हे ती रोज बघत होती. म्हणून तिनं सदफला कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका क्लासला घातलं. तिथं विजयसिंह सरांनी तिची वही सगळ्या वर्गापुढं धरली. "काय गं, रांगोळीचा क्लास खालच्या मजल्यावर हाय. जिना चुकलीस व्हय?" वर्ग खदाखदा हसला. संध्याकाळी त्यांचा हुस्नाला फोन आला. "ताई, बोर्डात चित्राला मार्क न्हाईत. उत्तरं पाठ करून घ्या, न्हायतर पोरगी हातची गेली म्हणून समजा."

दुसऱ्या दिवशी हुस्ना शाळेच्या फाटकात, चार पालकांदेखत, पूर्णिमा मॅडमना नको ते बोलली. "तुमची हौस झाली, माझी लेक वाया गेली," असं काहीबाही.

मग तीन आठवडे बसून हुस्नानं सदफच्या चित्रांनी भरलेल्या सात वह्यांची प्रश्नोत्तरं केली. मोत्यासारखं अक्षर, खाली लाल रेघा.

"अम्मी, ह्यात मला काय दिसतच न्हाय गं."

"दिसायचं काय असतं त्यात? पाठ कर."

पोरीचं मन पुन्हा चित्रांकडं ओढ घेऊ नये म्हणून, ती क्लासला गेलेली बघून, हुस्नानं सातही वह्या रद्दीत घातल्या. परत आल्यावर सदफला वह्यांचा कप्पा रिकामा दिसला.

चार दिवसांपूर्वी क्लासचा सराव पेपर परत आला. त्यावर फक्त नाव होतं.

"अगं, एक ओळ तरी लिहायचीस की!"

"डोळं मिटलं की पान समोर यायचं, अम्मी. आता येतंय, पण पांढरं. मी परीक्षेला जाणार न्हाय."

त्यानंतर ती बोललीच नाही.

मोहसीन दोनदा रद्दीवाल्याकडं जाऊन आला. आज दुपारी चप्पल काढता काढता म्हणाला, "रद्दीचे गठ्ठे कागदाच्या मिलला गेलेत. तुला बोल लावत न्हाय मी. पण आता पोरीला उठवणार कोण, ते सांग."

हुस्नानं कोरा कागद आणि पेन्सिली लेकीपुढं ठेवल्या. "परत काढ बाळा. मी वाचून दाखवते." ती पुस्तकातला धडा वाचत राहिली. पेन्सिल हलली नाही. बऱ्याच वेळानं सदफ हळूच म्हणाली, "मॅडम सांगत हुत्या आणि हात आपोआप चालत हुता. तुझ्या वाचण्यावर कसा चालंल?"

चार दिवसांत पोर पहिल्यांदाच बोलली होती.

हुस्ना मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात आली. फाटकातला तो दिवस आठवून तिचे कान तापले. मॅडम फोन उचलतील का? उचलला तर ऐकून घेतील का? आठ दिवसांत सात वह्या कुणाच्यानं व्हायच्या? नाही व्हायच्या कदाचित. पण आधी माफी मागायची, रद्दीचंही सांगायचं, आणि मग म्हणायचं, एकदा घरी या, तिच्यासमोर बसून शिकवा.

तिनं पूर्णिमा मॅडमचं नाव शोधलं आणि फोन लावला.