वऱ्हाडातली सुरी

पुण्याहून निघताना बायकोनं पिशवीत डोकावून विचारलं, "ही सुरी बरोबर नेतोस, ते कायद्यात बसतं का?"

सुरी म्हणजे चार बोटं पात्याची, लाकडी मुठीची, घडी न होणारी. प्रवासात फळं कापायला मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून नेत आलो आहे. आजवर तिच्याबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं, त्यामुळे मीही विचार केला नव्हता. बसमध्ये बसल्यावर मोबाइलवर शोधलं. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्याराला परवान्याचा नियम आहे आणि घरकामाची, शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. म्हणजे माझी सुरी निर्दोष. मात्र पोलीस अधूनमधून मनाई आदेश काढतात. त्या दिवसांत कशाला हत्यार म्हणायचं, हे बरंचसं समोर उभा राहणारा माणूस ठरवतो, असं एका वकिलानं लिहिलं होतं. मी मोबाइल बंद केला आणि मोसंबं सोललं.

तो समोरचा माणूस मला छत्रपती संभाजीनगरला पोचल्यावर लगेच भेटला. मकबऱ्याच्या दारातल्या पहारेकऱ्यानं पिशवी चाचपली आणि मान हलवली.

"चाचा, ये अंदर नै जाता."

मी त्याला नऊ इंचांचा नियम सांगितला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"कायदा अंदर हापिसमें बैठता, चाचा. भाईर मैं हूं."

इतकी स्पष्ट मांडणी वकिलानंही केली नव्हती. सुरी दाराबाहेरच्या पेरूवाल्याकडे ठेवली आणि संगमरवर पाहून आलो. परतलो तर पेरूवाला माझ्याच सुरीनं गिऱ्हाइकांना पेरू कापून देत होता. "धार मस्त है चाचा," म्हणाला आणि पुसून परत दिली. वर तिखट-मीठ लावलेला अर्धा पेरूही दिला. संध्याकाळी नान-खलिया (मटणाचा पिवळा रस्सा आणि मोठी रोटी) खाल्ला. त्याला सुरी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी कन्नडला गेलो. घाटाकडची टेकाडं, उभा ऊस, आठवडी बाजारातली गर्दी. परतीला फाट्यावर एसटीची वाट पाहत बराच वेळ उभा होतो. एसटी आली नाही, फुलांनी मढवलेली जीप आली. पुढे बसलेल्या फेटेवाल्यानं हात केला.

"शहरात जायचं का पाव्हणं? बसा. वऱ्हाडात एक माणूस लई होत नाय."

फेटेवाले म्हणजे नवरदेवाचे मामा. मागे हळदीनं पिवळा झालेला नवरदेव गणेश, शेजारी त्याची आई. बाकीचं वऱ्हाड टेम्पोनं पुढे गेलं होतं. गणेशच्या हातात मखमली म्यानातली कट्यार होती. आमच्याकडेही नवरदेव कट्यार धरतो, पण लिंबू पात्याच्या टोकाला खोचतात. इथे ते म्यानाच्या टोकावर दोऱ्यानं बांधलं होतं. मी कारण विचारलं.

"आमच्या आज्याची हाय," मामा म्हणाले. आजा म्हणजे आजोबा. "म्यानातून काढली की रगत मागती. म्हणून कुणी काढतच नाय."

ही अट घालणाऱ्या तलवारी आणि कट्यारी महाराष्ट्रात इतक्या आहेत, की पूर्वीचे लोक शेती कधी करत असतील असा मला प्रश्न पडतो. मी तो विचारला नाही. जीप त्यांची होती.

गणेशची आई मात्र अशा गोष्टी ऐकण्याच्या पलीकडे गेली होती. "दोन सोयरिकी मोडल्या बघा ह्याच्या," ती हळूच म्हणाली. "दुसरी तर हळद लागल्यावर. ह्या बारीला मी डोळ्यात तेल घालून बसले. अक्षता पडूस्तोर लोखंड हातातून सुटू द्यायची नाय."

"आई, मुठीला घाम आलाय," गणेश म्हणाला.

"येऊ दे."

शहराच्या अलीकडे नाकाबंदी होती. कुणी मोठे पुढारी यायचे होते आणि त्यांच्या वाटेवरची प्रत्येक डिकी उघडून पाहिली जात होती. आमच्यापुढे एक ऊसतोड्या हातभर लांबीचा कोयता सायकलला अडकवून निवांत निघून गेला. कोयता शेतीचा. आमच्या जीपपाशी एक महिला हवालदार आली.

"नवरदेव, हातात काय? पातं केवढं हाय?"

इथे मामांनी गप्प राहायला हवं होतं. पण आज्याची कट्यार लहान म्हणायची कशी? "चांगलं हातभर! रानडुकराच्या आरपार गेलीया ही."

मला मदत करायची होती. "बाई, नऊ इंचांच्या आतलं असेल तर नियमात..."

"अन् हातभर म्हणजे?"

माझ्या कायद्याच्या ज्ञानाचा पहिला उपयोग असा झाला.

"जमा करावी लागंल," हवालदार म्हणाली.

आई जीपमधून खाली उतरली. "बाई, तुम्ही बी कुणाच्या तरी लेकी. लगीन लागूस्तोर सुटली नाय पायजे."

"मावशी, माझ्या लग्नात आमच्या ह्यांच्या हातात बी व्हती. पण साहेब तिकडून बघायलेत." मग आवाज खाली आणून, "काढून दावा. मापात बसली तर सोडते."

"ती रगत मागती," मामा म्हणाले.

"मी देते रगत. काढा."

मामांनी ओढली. निघाली नाही. ड्रायव्हरनं म्यान धरलं, मामांनी मूठ. शेवटी गणेशनं "सरका मामा" म्हणत दोन्ही गुडघ्यांत म्यान दाबून हिसका मारला आणि कट्यार बाहेर आली.

मुठीखाली बोटभर पितळ होतं. त्यापुढे लाकूड. चांगलं तासलेलं, म्यानाच्या मापाचं, जुनं करडं लाकूड.

मग हवालदार म्हणाली, "ह्याला परवाना लागत नाय. ह्यानं पिठलं हलवा. जाऊ द्या गाडी!"

ड्रायव्हर हसला, गणेशही हसला. मामांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. आई मात्र रस्त्याच्या कडेला खाली बसली.

"म्हंजी लोखंड नव्हतंच? हळदीपासून माझं लेकरू रिकाम्या हातानं हिंडतंय?"

"आई, मुहूर्त जाईल. चल."

"मी नाय येत. तिसऱ्यांदा बघायची ताकद नाय माझ्यात."

मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. कायद्यानं आम्हाला सोडलं होतं आणि तरी आम्ही जागचे हललो नव्हतो. माझा हात पिशवीत गेला. पोलिसांसमोर सुरी बाहेर काढायची, तीही नाकाबंदीत, म्हणजे स्वतःहून अंगावर ओढवून घेणं होतं. तरी वर्तमानपत्र सोडलं.

"हे काय आता?" हवालदारानं विचारलं.

"मोसंबी कापायची सुरी. पोलादी आहे."

तिनं पात्याला बोटं लावली. चार भरली. तिनं लांब उभ्या साहेबांकडे पाहिलं, मग आईकडे. "घरगुती हाय. चालतंय."

मी सुरी गणेशपुढे धरली तशी आई ओरडली, "हातात नगा देऊ! भांडणं होत्यात." मी ती जीपच्या बॉनेटवर ठेवली. गणेशनं तिथून उचलली, दोरा तोडून लिंबू टोकाला खोचलं. रस मनगटावरून ओघळला. आईनं लिंबू दाबून पाहिलं, पातं बोटानं चाचपलं आणि उठली.

उरलेल्या वाटेत मामा मूठ चाचपत होते. मग हळूच म्हणाले, "आज्यानं कुणाला सांगितलं बी नाय बघा."

मला वाटतं, त्या आज्यालाही कधीतरी माझ्या बायकोचाच प्रश्न कुणीतरी विचारला असावा. हे जवळ ठेवणं कायद्यात बसतं का? कुठल्या तरी राज्यात, कुठल्या तरी दवंडीनंतर त्यानं पातं देऊन टाकलं आणि मानाची जागा सुताराकडून भरून घेतली. घाबरट म्हणावं तर पुढच्या तीन पिढ्यांना पुरेल एवढा रुबाब त्यानं लाकडातून काढला.

मुहूर्त गाठला. अक्षता पडल्या तेव्हा आई वधूकडे पाहत नव्हती, सुरीकडे पाहत होती. मग पदर तोंडाला लावून रडली आणि लगेच वाढप्यांवर खेकसायला लागली. मी वरणबट्टी खात असताना मागच्या पंगतीतून मामांचा आवाज आला. फेटा पुन्हा डोक्यावर होता.

"लहान दिसती, पण साधी नाय. पुण्याच्या पाव्हण्यांच्या घराण्यातली हाय. पेशवाईतली."

निघताना आई सुरी कागदात गुंडाळून घेऊन आली. मी ती घेतली नाही. परतीच्या बसमध्ये मोसंबं नखांनी सोललं, रस डोळ्यात गेला. घरी बायकोनं विचारलं, "कायद्याचं काय ठरलं?"

"बसते," म्हणालो. "पण आता आपल्याकडे नाही."

कधीतरी गणेशचा नातू एखाद्या लग्नात ती मखमली म्यानातून काढेल. तिच्या पराक्रमाच्या गोष्टी तोवर बऱ्याच वाढलेल्या असतील, त्यांची जबाबदारी माझ्यावर नाही. पण ओढल्यावर पातं निघेल, एवढी हमी मी देतो.