करवत चालू असताना मारलेली हाक

मंडळी, आज सकाळी करंजाड्यातल्या माझ्या सुतारकामाच्या वर्गात नऊ वर्षांची सई फळी कापत होती. मी पाठमोरा होतो.

दारातून तिची आई मोबाईल धरून म्हणाली, "सई, इकडे बघ, स्माईल कर."

सईने मान वळवली, पण हात चालूच. करवतीचा आवाज बदलला. पातं खाचेतून निसटल्याचं मला न बघताच कळलं. ओरडलो असतो तर पोरगी दचकली असती. म्हणून हळूच म्हणालो, "सई बाळा, हात आहे तिथेच थांबव."

ती थांबली. मी करवत तिच्या हातातून काढून घेतली. अंगठ्याच्या नखावर पांढरा ओरखडा होता, रक्त नव्हतं.

आई रडवेली झाली. "दादा, घरी नेते मी हिला."

"आई, तूच बाहेर थांब ना. माझं अर्धंच कापून झालंय."

मी करवत परत सईच्या हातात दिली. पालकांनो, खरं सांगा, तुम्ही दिली असती?